भूगोलाचा तास, विज्ञानाचा तास

अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट टेकडीपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर मी तीस वर्षे राहते आहे, आणि त्यांपैकी सव्वीस वर्षे मी मराठी माध्यमाच्या एका शाळेत भूगोल आणि विज्ञान हे दोन्ही विषय शिकवले. निवृत्त होऊन आता चार वर्षे झाली. शिकवताना केलेल्या चुका निवांतपणी आठवतात, आणि त्यांतली एक अशी आहे की ती सविस्तर लिहून काढल्याशिवाय माझे समाधान होणार नाही.

पावसाळा संपला की नववीच्या मुलांना मी टेकडीवर नेत असे. चाळी, झोपड्या आणि नव्या इमारती यांच्या मधून एकदम सरळसोट वर गेलेला हा काळा कातळ सुमारे ६१ मीटर उंच आहे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे आणि तिथवर जाणाऱ्या पायऱ्या चढताना माझ्यासारखीला दोनदा थांबावे लागते. लांबून तो एकसंध दिसतो. जवळ गेल्यावर कळते की ही उभ्या खांबांची मोळी आहे. पाच-सहा बाजू असलेले खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, त्यांच्या कडा रंधा मारावा तशा सरळ आहेत, आणि दोन खांबांमधल्या फटीत बोटाचे नख जेमतेम शिरते. चिखल वाळताना त्याला जसे तडे जातात तसेच लाव्हा थंड होऊन आकसताना त्याला तडे गेले, ते तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत आत सरकत गेले आणि खांब तयार झाले. ही घटना सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची, म्हणजे मुंबई नावाचे काहीही नसतानाची आहे.

अशाच एका सहलीत एका मुलाने खांबावर हात ठेवून विचारले, “बाई, हा दगड पृथ्वीच्या गाभ्यातून वर आला ना?” मी म्हणाले, “हो, अगदी पोटातून.” त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलीने लगेच विचारले, “मग पहिला जीवपण तिथूनच वर आला का?” पोरे हसली. मीही हसले आणि म्हणाले, “तो विज्ञानाचा धडा. आज आपली भूगोलाची सहल आहे.” दोन्ही विषय शिकवणारी बाई एकच होती, पण वेळापत्रकात ते दोन तास वेगळे होते आणि माझ्या डोक्यातही वेगळेच होते. मुलाला मी चुकीचे उत्तर दिले आणि मुलीला उत्तरच दिले नाही. यांतले दुसरे जास्त वाईट, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आधी मुलाचा प्रश्न घेते. पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा आला की आम्ही सगळेच शिक्षक उकडलेल्या अंड्याचे उदाहरण देतो: कवच म्हणजे भूकवच, पांढरे म्हणजे प्रावरण आणि पिवळे म्हणजे गाभा. प्रमाणाच्या दृष्टीने हे उदाहरण फारसे वाईट नाही. भूकवच खंडांखाली सरासरी ३५ ते ४० किलोमीटर आणि महासागरांखाली सहा-सात किलोमीटर जाडीचे आहे. प्रावरण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जाते. आणि पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचे अंतर ६,३७१ किलोमीटर भरते. मुंबईकराच्या हिशेबात सांगायचे तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालेली लोकल ठाण्याला पोहोचते तेवढ्यात भूकवच संपत आलेले असते, आणि मुंबईहून लंडनला निघालेले विमान लंडन गाठण्याआधीच पृथ्वीचा मध्य आलेला असतो. या अंतरातले माणसाने प्रत्यक्ष किती पार केले? रशियातल्या कोला द्वीपकल्पावर १९७० मध्ये सुरू झालेले विवर १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर थांबले. लहानशा पोळपाटाएवढ्या, २३ सेंटिमीटर व्यासाच्या त्या भोकाच्या तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअस निघाले आणि पुढे खणणे अशक्य झाले. आपल्या लोकलच्या भाषेत हा प्रवास दादर सोडून कुर्ला यायच्या आतच संपतो.

मग बाकीचे कसे कळले? भूकंपांवरून. हा भाग मी वर्गात दोन वाक्यांत उरकत असे, कारण परीक्षेत त्याला दोनच गुण असत. आज शिकवायला मिळाले तर पूर्ण आठवडा याच भागाला देईन. भूकंपाच्या प्राथमिक लहरी घन, द्रव अशा कुठल्याही माध्यमातून जातात. दुय्यम लहरी माध्यमाला आडव्या हलवतात, आणि द्रवाला असे आडवे ताठर बळ नसल्यामुळे त्या द्रवात शिरू शकत नाहीत. एवढ्या एका फरकावर सगळा शोध उभा आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाच्या नोंदींतून लहरींचे हे प्रकार वेगवेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीच्या मध्यभागी वेगळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे असे दाखवून दिले. म्हणजे गाभ्याच्या शोधाची एक वाट आपल्याच देशातल्या कोसळलेल्या घरांवरून जाते, आणि हे वाक्य आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला कधी भेटले नाही. १९०९ मध्ये आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी क्रोएशियातल्या भूकंपावरून भूकवचाचा तळ ओळखला, बेनो गटेनबर्ग यांनी गाभ्याची खोली मोजली, आणि १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी गाभा द्रवरूप असल्याचे मांडले.

इथे प्रकरण संपले असते, पण इंगे लेमान या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंना न्यूझीलंडच्या १९२९ मधल्या भूकंपाच्या नोंदींत काही लहरी नको त्या ठिकाणी उमटलेल्या दिसल्या. गाभा पूर्ण द्रव असता तर पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला एका पट्ट्यात त्या पोहोचायलाच नको होत्या. ओटच्या पिठाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांत त्या आपली नोंदपत्रे लावून ठेवीत आणि बागेतल्या टेबलावर बसून हिशेब करीत, असे त्यांच्या नातेवाइकांनी सांगितले आहे. डब्यांच्या त्या कोठारातून १९३६ मध्ये निष्कर्ष निघाला की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किलोमीटर धरली जाते. तिथले तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास, पाच हजार अंशांच्या वर आहे, आणि तरीही तो घन आहे, कारण तिथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट आहे.

आता माझी चूक. अंड्याच्या उदाहरणामुळे आणि रंगीत आकृतीतल्या लाल-केशरी रंगांमुळे मी स्वतःच वर्षानुवर्षे समजत होते की प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा, आणि त्याच्यावर आपण सायीसारखे तरंगतो. प्रत्यक्षात दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात, म्हणजे प्रावरण घन आहे. ते घन असूनही लाखो वर्षांच्या मापाने वाहते. डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर त्याचे तुकडे होतात, पण तोच गोळा मे महिन्यात गच्चीवर ठेवून विसरलात तर पसरून चपटा होतो. हे उदाहरण अंड्यापेक्षा बरे. वर सरकणारा गरम खडक पृष्ठभागाच्या जवळ आला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि दाबामुळे रोखलेले वितळणे सुरू होते. कुकरमधले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही शांत असते आणि दाब सोडताच उसळते, त्याची इथे आठवण होते. सह्याद्रीचा काळा दगड असा, फार तर शंभरेक किलोमीटर खोलीवर, प्रावरणाचा थोडासा अंश वितळून तयार झाला. हिंदी महासागरातल्या आजच्या रीयुनियन बेटाखाली जो उष्ण स्तंभ आहे, त्याच्यावरून तेव्हा भारत सरकत होता, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. गाभ्यातून वर आला तो फक्त उष्णतेचा काही भाग. गाभ्याचे लोखंड जागच्या जागी राहिले. मुलाला द्यायचे उत्तर हे होते.

गाभ्याशी मुंबईचा संबंध मात्र एका निराळ्या वाटेने येतो, आणि तो मला टेकडीपेक्षाही जास्त मोहक वाटतो. बाह्य गाभ्यातले वितळलेले लोखंड सतत घुसळत असते, त्या घुसळण्यातून विद्युतप्रवाह आणि त्यातून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कुलाब्याच्या वेधशाळेत या क्षेत्राच्या नोंदी १८४१ पासून घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले आणि वेधशाळेपुढे पेच उभा राहिला, कारण ट्रामच्या विजेमुळे नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४ पासून ती चालू आहे, आणि दोन्हीकडच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केले गेले. अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणावा लागला, कारण आपल्या काळ्या दगडात चुंबकीय लोहखनिज असते आणि तो स्वतःच सुईला ओढतो. ज्या दगडाने आपण घरे बांधतो त्यालाच तिथे मज्जाव! १९०७ मध्ये ट्राम धावली, १९६४ मध्ये बंद झाली. वेधशाळा अजून गाभ्याची नाडी धरून बसली आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. सजीवांच्या उत्पत्तीचा धडा मी शिकवत असे तो असा: १९२४ मध्ये रशियात ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये हाल्डेन यांनी, एकमेकांना न विचारता, अशी कल्पना मांडली की आदिम हवेतल्या वायूंवर वीज आणि अतिनील किरण पडून साधी सेंद्रिय द्रव्ये बनली, ती समुद्रात साठत गेली आणि त्या पातळ, कोमट रश्श्यातून जीव तयार झाला. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हेही मी सांगत असे, कारण मुलांना ते आवडे. मग १९५३ चा स्टॅनली मिलर यांचा प्रयोग. तेवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने हॅरल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ भरून त्यात ठिणग्या पाडल्या. एका दिवसात पाणी गुलाबी झाले, आठवड्याने गडद लाल आणि गढूळ झाले, आणि त्यात प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले सापडली. धडा इथे संपे. घंटा होई.

धड्यात न आलेली गोष्ट अशी की मिलर यांनी भरलेली हवा आदिम पृथ्वीवर होती का, याविषयी पुढे गंभीर शंका निर्माण झाली, आणि ती शंका आली पृथ्वीच्या पोटातून. आदिम हवा मुख्यतः ज्वालामुखींनी ओकलेल्या वायूंची होती. ज्वालामुखी मिथेन आणि अमोनिया ओकणार की कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि वाफ, हे प्रावरणातल्या लोखंडाच्या अवस्थेवर अवलंबून असते. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी तयार झाली. तिच्या सुरुवातीच्या काळातच धातुरूप लोखंड खाली बुडून गाभा झाला आणि प्रावरणात उरलेले लोखंड बहुतेक ऑक्सिजनशी बांधलेले राहिले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने झिर्कॉन या खनिजाचे कण मिळाले आहेत, मिठाच्या कणापेक्षाही बारीक. त्यांच्या रसायनावरून असे दिसते की तेव्हाच प्रावरण आजच्यासारखे झाले होते, म्हणजे ज्वालामुखीची हवा मिलर यांच्या चंबूतल्या हवेपेक्षा आजच्या ज्वालामुखींच्या वायूंशी जास्त मिळतीजुळती असावी. तशा हवेत ठिणग्या पाडून अमिनो आम्ले फार कमी मिळतात. वरच्या चंबूत काय भरायचे हे २,९०० किलोमीटर खोलवर बुडालेल्या लोखंडाने ठरवले होते, आणि मी मात्र भूगोलाच्या तासाला गाभा आणि विज्ञानाच्या तासाला चंबू असे वेगवेगळे शिकवत होते.

मग जीवाला लागणारा हायड्रोजन, म्हणजे रासायनिक ऊर्जेचा कच्चा माल, कुठून आला? इथे प्रावरणाचाच दगड पुन्हा पुढे येतो. वरच्या प्रावरणाचे मुख्य खनिज ऑलिव्हिन. कच्च्या आवळ्यासारखा हिरवट रंग, आत लोखंड आणि मॅग्नेशियम. समुद्रतळाला भेगा पडून पाणी या खडकापर्यंत पोहोचले की ऑलिव्हिनमधले लोखंड पाण्यातला ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. खडक फुगतो, गरम होतो, सापाच्या कातडीसारखा चकचकीत हिरवा सर्पेंटाइन बनतो. वीज नको, सूर्य नको. दगड आणि पाणी एवढेच पुरते.

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाविना जगणाऱ्या प्राण्यांची दाटी आढळली. दोन वर्षांनी ३५० अंशांच्या पुढचे काळे पाणी ओकणारी धुराडी सापडली. तिथे जीव सुरू झाला असेल ही कल्पना तेव्हापासूनची; पण इतक्या उष्णतेत नाजूक रेणू टिकणार कसे, असा आक्षेप स्वतः मिलर यांनीच घेतला होता, आणि तो रास्त होता. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिक महासागराच्या मध्यभागी ‘लॉस्ट सिटी’ नावाचे वेगळ्याच जातीचे क्षेत्र मिळाले. तिथले पाणी ४० ते ९० अंशांचे, अल्कधर्मी, हायड्रोजनने भरलेले. आणि त्यातून साचलेले पांढरे चुनखडीचे मनोरे साठ मीटरपर्यंत उंच, म्हणजे जवळजवळ आमच्या गिल्बर्ट टेकडीएवढे. हे मनोरे स्पंजासारखे सच्छिद्र आहेत. भूवैज्ञानिक मायकेल रसेल यांनी असे क्षेत्र असले पाहिजे हे आधीच मांडले होते. विल्यम मार्टिन आणि निक लेन यांनी त्या विचाराला जीवशास्त्राची जोड दिली. आपल्या प्रत्येक पेशीत पातळ पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतात, आणि धरणातून सोडलेल्या पाण्यावर जनित्र फिरावे तशी त्या फरकावर पेशीची ऊर्जा तयार होते. आदिम समुद्र किंचित आम्लधर्मी होता, मनोऱ्यातले पाणी अल्कधर्मी, आणि दोहोंमध्ये छिद्राची पातळ भिंत. पेशीच्या आधीच पेशीसारखी रचना दगडात तयार होती, असे हे म्हणणे आहे.

माझ्या खिडकीत काळ्या दगडाचा एक तुकडा आहे. एका इमारतीच्या पायाच्या खोदकामातून निघाला, तिथल्या मुकादमाकडून मी मागून आणला. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून त्याला पोकळ्या पडल्या, आणि मागाहून कोमट पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाची पांढरी स्फटिके वाढली. कामगार त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. लॉस्ट सिटीशी या दगडाचे नाते जोडणे शास्त्राला धरून होणार नाही, तिथला खडक वेगळा. पण कातळाच्या बंद खोलीत पाणी शिरून बसते आणि तिथे हळूहळू काही तरी रचते, हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर असा तुकडा पुरे.

समुद्रतळाची ही मांडणी मला मनापासून पटत होती, आणि म्हणूनच तिच्यावरचे आक्षेप मुद्दाम वाचले. सर्वांत मोठा आक्षेप पाण्याचा. अमिनो आम्ले जोडून प्रथिने किंवा न्यूक्लिओटाइड नावाचे घटक जोडून आरएनए हा डीएनएसारखा रेणू करायचा म्हणजे प्रत्येक सांध्यावर पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो. चहूबाजूंनी पाणीच पाणी असताना ते कसे व्हावे? उलट पाण्यात आरएनएचे तुकडे पडत जातात. आरएनए महत्त्वाचा, कारण तो माहितीही साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो. हा शोध लावणाऱ्या टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले, आणि ‘आरएनए विश्व’ हा शब्दप्रयोग १९८६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी केला. (आमच्या टेकडीचा गिल्बर्ट निराळा.) म्हणून डेव्हिड डीमर आणि ब्रूस डेमर यांच्यासारखे शास्त्रज्ञ जमिनीवरच्या उन्हाळ्यांकडे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवतात. कुंड भरते, कड वाळते, पुन्हा भरते. वाळताना पाणी निघून जाते आणि रेणू जोडले जातात, भिजताना ते पसरतात. डार्विन यांनी १८७१ मध्ये जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात एका लहानशा उबदार डबक्याची कल्पना केली होती, तिच्याकडेच हा विचार परत येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या वसाहतींच्या खुणा आहेत आणि तिथेच जमिनीवरच्या गरम झऱ्यांचे निक्षेपही सापडले आहेत. जीवाचा उगम तिथे झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही. तो तिथे फार लवकर राहायला आला होता, एवढे मात्र ठरते.

तिसरा पक्ष म्हणतो की बीज आकाशातून आले. मराठी वाचकाला हा पक्ष जवळचा, कारण खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर त्याच्या पाठीशी उभे होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९७२ पासून १९८९ पर्यंत प्राध्यापक असलेल्या नारळीकरांनी, पुढे पुण्यातून, इस्रोच्या सहकार्याने हैदराबादहून बलून सोडले आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा जमवली. २००५ मधल्या नमुन्यांतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव आहे. हे जीव अवकाशातूनच आले असे त्यावरून निर्णायकपणे म्हणता येत नाही, हे इस्रोने तेव्हाच सांगितले होते. नारळीकर सरांविषयी मला अपार आदर आहे, तरी जीवच वरून आला हे मला पटत नाही. तो तिकडे तरी कसा झाला, हा प्रश्न तसाच उरतो. कच्चा माल वरून आला, यावर मात्र आता वाद राहिलेला नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्ले मिळाली, आणि बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत प्रथिनांतल्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे क्षारक नावाचे पाचही घटक असल्याचे २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले.

मला मात्र सर्वांत जास्त हलवले ते जमिनीखालून आलेल्या बातम्यांनी. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवरच्या फटींतल्या पाण्यात एकाच जातीचा जीवाणू जवळजवळ एकट्याने नांदतो. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजन सुटतो, त्यावर तो जगतो. ज्या किरणोत्साराने प्रावरण गरम राहते, त्याचीच ही दुसरी चूल. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्या परिसराचा अभ्यास कधी थांबलाच नाही. गेल्या दशकात तिथे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइटी पाया लागला. त्या परिसरातल्या खोल खडकांच्या नमुन्यांत आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना सूक्ष्मजीव आढळले आहेत. भूकंप मोजायला खणलेल्या भोकात जीव भेटावा, आणि तोही आपल्या सातारा जिल्ह्यात! त्या मुलीला हे सांगायला हवे होते.

लहानपणी आजी आम्हाला वसईहून एसटीने वज्रेश्वरीला आणि तिथून जवळ अकलोलीच्या कुंडांवर नेत असे. तानसेच्या काठची ती गंधकाच्या वासाची कुंडे; देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणून पाणी गरम, असे आजी सांगे आणि खरजेवर उत्तम म्हणून आम्हाला बळेच बसवी. जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी वाढणाऱ्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पाणी पन्नास अंशांच्या आसपासचे आहे, म्हणजे जवळजवळ किलोमीटरभर तरी खाली जाऊन आलेले असणार. यंदाच्या जानेवारीत मी थोरल्या बहिणीसोबत पुन्हा गेले. पाणी जिथून येते तिथला दगड स्वच्छ होता, पण जरा निवलेले पाणी ज्या पायऱ्यांवरून वाहते तिथे हिरवा, बुळबुळीत, बोट लावले तर सायीसारखा सुटणारा थर होता, आणि कडेला वाळून पापुद्रे झालेला. एक माणूस तारेच्या ब्रशने तो घासून काढत होता. मी उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिले, तेव्हा त्याला वाटले मी पाय घसरेल म्हणून थांबले आहे. “थांबा बाई, एवढी पायरी करतो, मग उतरा,” तो म्हणाला. हे किती दिवसांनी घासता, असे मी विचारले. “दर सोमवारी. ब्लीचिंग पावडर टाकली तरी गुरुवारपर्यंत परत येतंच.”